अर्धवट राहिलेला निरोप: हाँगकाँगचे भूतपट आणि त्यांतील झुंज

भुतांचे चित्रपट हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे येथे जमलेल्यांपैकी काहींना वाटले असेल. शंका रास्त आहे. बहुतेक भूतपट अंधारात बसलेल्या माणसाला घटकाभर दचकवण्याकरिताच काढलेले असतात, आणि दिवे लागल्यावर त्यांच्याविषयी बोलण्यासारखे फारसे उरत नाही. परंतु हाँगकाँग येथे १९८० नंतरच्या दहा वर्षांत भूतपटांचा एक असा प्रकार बहराला आला की, त्याचा विचार करू लागले म्हणजे चित्रपटगृहाबाहेर पडून एका प्राचीन समाजाच्या मर्तिकापर्यंत, त्याच्या ऋणाच्या कल्पनेपर्यंत आणि त्याच्या रंगभूमीपर्यंत जावे लागते. त्या वाटेने आपण थोडे चालून पाहू.

या प्रकारचे वैशिष्ट्य असे की, यांत भुताशी हातापायांनी लढाई होते. आपल्याकडे एखाद्या पैलवानाने खविसाशी कुस्ती केल्याची गावगोष्ट सोडली, तर भुताचा बंदोबस्त करण्याची रीत निराळी आहे. मांत्रिक त्याला बांधतो, भगत त्याला बोलते करतो, आणि विक्रम राजा तर वेताळाला खांद्यावर घेऊन त्याच्या प्रश्नांची उत्तरे देत बसतो. हाँगकाँगच्या चित्रपटांत प्रेत पेटीतून उठते, दोन्ही हात समोर ताठ धरून टुणटुण उड्या मारीत येते, आणि पिवळी कफनी घातलेला पुरोहित कोलांटी घेऊन त्याच्या छातीवर लाथ हाणतो. मंत्र आणि लाथ, पूजा आणि झुंज, ही जोडी जमली कशी? आमच्या मते ही जोडी चित्रपटवाल्यांनी गल्ल्यासाठी जुळवलेली नाही. ती फार जुनी आहे, आणि तिच्या मुळाशी मृताला नीट निरोप देण्याचे कर्तव्य आहे.

प्रथम हे उड्या मारणारे प्रेत कोण, ते पाहू. चिनी भाषेत त्याला 'जियांगशी' म्हणतात. 'जियांग' म्हणजे ताठर आणि 'शी' म्हणजे प्रेत. मेल्यावर देहाला जो ताठरपणा येतो, तोच या शब्दात आहे. गुडघा वाकत नाही म्हणून ते चालत नाही, उडी मारते. जुन्या चिनी समजुतीप्रमाणे माणसात दोन प्रकारचे आत्मे असतात. 'हुन' हा वर जाणारा, विचारी अंश. 'पो' हा देहाला चिकटून राहणारा, जड अंश. अंत्यविधी यथासांग झाला म्हणजे दोघेही आपापल्या ठिकाणी जातात. तो बिघडला, लांबला किंवा झालाच नाही, तर हुन निघून जातो आणि पो मागे राहतो. मग देह हलतो, पण त्यात माणूस नसतो.

अठराव्या शतकातील युआन मेई या लेखकाच्या संग्रहात या कल्पनेची एक उत्तम कथा आहे. ज्या गोष्टींविषयी कन्फ्यूशियस बोलत नसे, त्या गोष्टी, असे त्या संग्रहाचे मिस्किल नाव आहे. कथेतील एक विद्वान मरण पावतो आणि रात्री आपल्या मित्राकडे येतो. त्याची मागणी साधी असते. म्हाताऱ्या आईकडे आणि तरुण पत्नीकडे लक्ष द्या, माझे हस्तलिखित छापा, आणि लेखण्या विकणाऱ्याचे राहिलेले पैसे चुकते करा. मित्र सर्व कबूल करतो. दोघांच्या गप्पा होतात. मग हळूहळू पाहुण्याचा चेहरा बदलतो, तो बोलेनासा होतो, डोळे टक्क उघडे राहतात. आणि मित्र पळू लागताच ते प्रेत त्याच्या मागे धावते. मित्र भिंत ओलांडून पलीकडे पडतो, प्रेत अलीकडेच अडकते. कथेत याचे कारण दिले आहे: काम झाल्यामुळे हुन समाधानाने गेला, आणि उरला तो केवळ मूढ पो. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवेना म्हणजे जमलेली माणसे मृताची कोणती इच्छा राहिली ते आठवू लागतात. त्यामुळे मित्राला दिलेल्या या तीन कामांचा अर्थ आपल्याला वेगळा समजावून सांगावयास नको.

त्याच्याही आधीचा पू सोंगलिंग (१६४० ते १७१५) हा शांतुंग प्रांतातील शिक्षक. वरच्या सरकारी परीक्षांत त्याला आयुष्यभर अपयश आले, पण त्याने जमवलेल्या जवळजवळ पाचशे अद्भुत कथा चीनमध्ये घरोघर पोचल्या. त्यांपैकी एकीत चार वाटसरू भरलेल्या खाणावळीत येतात. जागा नसल्यामुळे मालक त्यांना जेथे सुनेचे प्रेत ठेवले आहे त्या घरात झोपवतो. मुलगा शवपेटीची व्यवस्था करण्यास बाहेर गेलेला असतो. रात्री प्रेत उठते आणि एकेका निजलेल्याच्या तोंडावर फुंकर घालते. चौथा जागा असतो. तो पांघरुणात श्वास रोखून पडतो आणि वाचतो. पुढे ते प्रेत त्याच्या मागे लागते, तो झाडाआड लपतो, आणि प्रेताची बोटे झाडाच्या बुंध्यात आकड्यासारखी रुतून बसतात. श्वास रोखण्याची ही युक्ती लक्षात ठेवावी. ती आपल्याला पुढे भेटणार आहे.

हूनान प्रांतात याला आणखी एक दंतकथा जोडली गेली. घरापासून दूर मेलेल्या माणसाला आपल्या गावच्या मातीत पुरले नाही तर त्याला शांती नाही, अशी तेथील श्रद्धा. डोंगराळ वाटेने शव नेणे खर्चाचे. म्हणून पुरोहित घंटा वाजवून रात्री प्रेतांची रांगच्या रांग चालवीत नेतात, असे लोक सांगत. याचा उलगडा असा करतात की, दोन माणसे पुढेमागे लांब बांबू खांद्यावर घेत आणि त्यांना प्रेते उभी बांधीत. बांबू लवे तशी प्रेते वरखाली होत, आणि दुरून पाहणाऱ्याला ती उड्या मारीत चालली आहेत असे भासे. उलगडा खरा असो वा नसो, त्या दंतकथेतील तळमळ खरी आहे. हाँगकाँगला तर ती फारच जवळची होती. परदेशी मरण पावलेल्या चिनी मजुरांच्या अस्थी आणि शवपेट्या त्या बंदरातून मूळ गावी जात. त्यांना वाटेत ठेवण्यासाठी तुंग वा या धर्मादाय संस्थेने १८९९ साली एक स्वतंत्र वास्तू उभारली. १९४९ नंतर चीनची सीमा बंद झाली आणि कित्येक पेट्या तेथेच अडकून राहिल्या. घरी न पोचलेला मृत ही त्या शहरातील लोकांना केवळ कल्पना नव्हती.

आता झुंजीकडे वळू. भुते आणि युद्धकला यांची गाठ प्रथम पडली ती रंगभूमीवर. सातव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेस चीनमध्ये भुकेल्या भुतांचा सण असतो. त्यामागची कथा मूळची भारतीय बौद्ध परंपरेशी जोडलेली आहे. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन प्रेतलोकात तळमळणाऱ्या आपल्या आईला सोडवावयास जातो, ती ही कथा. चिनी लोक त्याला मूलियेन म्हणतात. आपला वेताळही बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांतून तिकडे पोचला आणि 'प्रेत उठवणारे भूत' असे त्याचे वर्णन झाले. मूलियेनचे नाटक निदान बाराव्या शतकापासून या सणात होत आले आहे. सतराव्या शतकातील चांग दाय या लेखकाने शाओशिंग गावी झालेल्या अशा एका प्रयोगाचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्याच्या काकाने सैनिकांच्या कवायतीच्या मैदानावर मोठा मंच बांधला, आणि कुस्ती व कसरत जाणणारे तीस-चाळीस नट आणून तीन दिवस तीन रात्री नाटक केले. दोरीवर चालणे, कोलांट्या, आगीतून उड्या, असे सर्व त्यात होते. भुतांना हाक घालण्याच्या प्रसंगी नटांबरोबर हजारो प्रेक्षकांनी आरोळी दिली. ती ऐकून गावचा अधिकारी दचकला. समुद्री चाचे चालून आले असे वाटून त्याने चौकशीला माणूस पाठवला.

या प्रयोगात अंगाची कसरत ही कथेला लावलेली झालर नव्हती. नरकाच्या पहारेकऱ्यांशी लढून आईला सोडवावयाचे, तर लढणारा देह तयार हवा. प्रेक्षकांत मृतही बसलेले असतात, अशीही समजूत होती. हाँगकाँगमध्ये या सणाच्या नाटकांना पुढची रांग भुतांसाठी रिकामी सोडण्याची पद्धत अजून आहे. म्हणजे झुंज हा येथे विधीचाच एक भाग होता.

चित्रपट आला तेव्हा त्याने हा वारसा लगेच उचलला. १९२८ साली शांघायच्या मिंगशिंग कंपनीने लाल कमळाच्या मंदिराच्या दहनाची कथा पडद्यावर आणली. तलवारबहाद्दर हवेत उडत आहेत आणि तळहातातून प्रकाश फेकीत आहेत, अशी दृश्ये पाहण्यास लोटलेली गर्दी पाहून १९३१ पर्यंत त्याचे अठरा भाग निघाले. त्या वेळचे राष्ट्रवादी सरकार देशाला आधुनिक करण्याच्या खटपटीत होते. अशा चित्रपटांनी अंधश्रद्धा पसरते, असे म्हणून त्याने त्यांवर बंदी घातली. हाँगकाँग ब्रिटिशांच्या ताब्यात असल्यामुळे तेथे ही बंदी लागू नव्हती, आणि हा सारा प्रकार कॅन्टोनी भाषेच्या बोलपटांत जिवंत राहिला. १९४९ नंतर साम्यवादी राजवटीनेही भुतांना थारा दिला नाही. अशा रीतीने चीनची भुते एका लहानशा बेटावर निर्वासित होऊन राहिली.

१९७४ साली इंग्लंडच्या हॅमर कंपनीने हाँगकाँगच्या शॉ बंधूंशी भागी करून ड्रॅक्युला आणि कुंग फू यांचे मिश्रण करून पाहिले. पीटर कुशिंग हा नामवंत नट त्यासाठी आला. परंतु युरोपचा रक्तपिपासू आणि चीनची मुष्टिविद्या या दोहोंना जोडणारा धागाच त्यात नव्हता. तो धागा लाउ कार-लिऊंग या झुंजकाराच्या हाती लागला. १९७५ साली त्याने अंगात देव आल्याचे सोंग करणाऱ्या मुष्टियोद्ध्याची कथा घेतली आणि १९७९ साली प्रेते चालवीत नेणाऱ्या पुरोहिताची. पुढच्याच वर्षी सॅमो हंग याने स्वतः दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका करून 'एन्काउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड' हा चित्रपट काढला. सॅमो हंग लहानपणी यू जिम-युएन या गुरूच्या पेकिंग संगीत नाटकाच्या शाळेत शिकला होता. जॅकी चॅन त्याच शाळेतला. आवाज, अभिनय, कोलांटी आणि तलवार हे सर्व एकाच गुरूकडे शिकलेल्या या मुलांना भूत आणि झुंज वेगळी मानण्याचे कारणच नव्हते. या चित्रपटात एका भोळ्या माणसाला पैज मारून प्रेताशेजारी रात्र काढावयास लावतात, कारण त्याच्या मालकाचे त्याच्याच बायकोशी सूत असते. प्रेताला पेटीत परत घालण्यासाठी कोंबडीची अंडी टाकावयाची असतात. पण विकणाऱ्याने त्यात बदकाची अंडी मिसळून दिलेली असतात, आणि नेमके तेथेच सारे बिघडते. हसू येते, पण भेसळीचे फळ कोणाला भोगावे लागते तेही दिसते.

या प्रकाराचा कळस म्हणजे १९८५ सालचा 'मिस्टर व्हँपायर'. दिग्दर्शक रिकी लाउ, निर्माता सॅमो हंग. याची कथा थोडी सविस्तर सांगतो, कारण आमचा मुद्दा तिच्यातच आहे. चीनमधील राजेशाही संपल्यानंतरचा काळ. गावातील एक धनिक आपल्या बापाचे थडगे दुसरीकडे हलवू इच्छितो. वीस वर्षांपूर्वी ही जागा या कुटुंबाने भूमी पाहणाऱ्या एका जाणकाराकडून दडपशाहीने मिळवलेली असते, आणि त्याने सूड म्हणून दफन मुद्दाम चुकीचे करवलेले असते. पेटी काढतात, तर देह कुजलेला नाही. पुरोहित सांगतो, आताच दहन करा. मुलगा म्हणतो, वडिलांना आगीची भीती वाटे, ते होणार नाही. मग पेटी शवागारात ठेवतात. सुतार लाकडावर सरळ रेघ मारण्यासाठी शाईत भिजवलेली दोरी ताणून सोडतात, तशा रेघा पेटीवर सगळीकडून मारावयास गुरू शिष्यांना सांगतो. शिष्य चारही बाजूंनी मारतात, वरून मारतात, आणि खालची बाजू विसरतात. रात्री प्रेत बाहेर पडते आणि प्रथम आपल्याच मुलाला मारते.

आता हिशेब पाहावा. बापाच्या जागेसाठी केलेली दडपशाही, जाणकाराचा सूड, मुलाने दहनास दिलेला नकार, शिष्यांचा आळस. यांत अमानुष असे काहीच नाही. पुढे एका शिष्याला प्रेताची नखे लागतात आणि त्याच्या अंगातले विष काढण्यासाठी चिकट तांदूळ आणावयाचा असतो, तेव्हा दुकानदार चार पैसे सुटावेत म्हणून साधा तांदूळ त्यात मिसळतो. प्रत्येक संकट माणसाच्या लहानशा अप्रामाणिकपणातून येते आणि प्रेत ते केवळ वसूल करते. शेवटी प्रेत जळते तेव्हाच शांत होते. गुरूने पहिल्या दिवशी जे करावयास सांगितले, तेच इतकी माणसे गमावून अखेर करावे लागते. चित्रपटभर चाललेली झुंज म्हणजे वेळेवर न केलेल्या अंत्यविधीवर चढलेले व्याजच होय.

झुंजीची रचनाही हेच सांगते. प्रेताचे काम करणारा युएन वा हा सॅमो हंगचाच शाळासोबती, आणि विलक्षण कसरतपटू. त्याने अंग लाकडासारखे ठेवावयाचे, सांधा वाकवावयाचा नाही, वळावयाचे तर सगळेच्या सगळे वळावयाचे. समोर पुरोहित झालेला लाम चिंग-यिंग. त्याची प्रत्येक हालचाल पाण्यासारखी. एकीकडे ताठरपणा, दुसरीकडे लवचीकपणा. एकीकडे श्वास नसलेला देह, दुसरीकडे श्वासावर ताबा मिळवलेला देह. जवळ प्रेत आले की सर्वांनी श्वास रोखावयाचा, म्हणजे त्याला माणूस कळत नाही. पू सोंगलिंगच्या वाटसरूने पांघरुणात जे भीतीने केले, तेच येथे विद्या म्हणून केले जाते. पीचच्या लाकडाची तलवार, पिवळ्या कागदावरचे मंत्र, आरसा, कोंबड्याचे रक्त ही साधने ज्याला अभ्यास आहे त्याच्याच हाती चालतात. गावच्या पोलीस अधिकाऱ्याच्या बंदुका तेथे निकामी ठरतात.

लाम चिंग-यिंग त्या वेळी तेहतीस वर्षांचाही नव्हता. पण जुळलेल्या जाड भुवया आणि करडा चेहरा घेऊन त्याने असा गुरू उभा केला की, पुढे लोक त्याला त्याच भूमिकेत पाहू लागले. हा गुरू अद्भुत पुरुष नाही. परदेशी उपाहारगृहात कॉफी कशी प्यावी हे न कळल्याने त्याचीही फजिती होते. आपले काम मात्र त्याला येते, आणि मृतांशी तो आदराने वागतो. १९९७ साली तो वारला.

याच कल्पनेची दुसरी बाजू १९८७ च्या 'अ चायनीज घोस्ट स्टोरी' मध्ये दिसते. दिग्दर्शक चिंग सिउ-तुंग, निर्माता त्सुई हार्क. मूळ कथा पू सोंगलिंगची. १९६० साली ली हान-शियांग याने तीवर काढलेला चित्रपट कान येथील महोत्सवात दाखवला गेला होता. येथे भूत ही एक तरुण मुलगी आहे. परक्या मुलखात पुरली गेल्यामुळे तिच्या अस्थी एका वृक्षराक्षसीच्या ताब्यात आहेत, आणि ती राक्षसी तिला पुरुषांना भुलवण्याच्या कामाला जुंपते. गरीब वसुली कारकुनाला तिच्याविषयी प्रेम वाटते; पण तिची सुटका कशात आहे? तिच्या अस्थी तिच्या घरी नेऊन पुरण्यात. तलवारबहाद्दर साधू हवेत उडत राक्षसीशी लढतो, ते या एका साध्या कामासाठी वाट मोकळी करण्याकरिता. पहिल्या चित्रपटात निरोप चुकल्यामुळे मृत जिवंतांना छळतो. दुसऱ्यात निरोप न मिळाल्यामुळे मृतालाच छळ सोसावा लागतो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. शांघायच्या बंदीमागेही तोच होता: अशा चित्रपटांनी अंधश्रद्धा वाढत नाही काय? भोंदू बाबांनी नागवलेली कुटुंबे आपणही पाहतो, तेव्हा हा प्रश्न टाळता येणार नाही. आमचे उत्तर असे की, या चित्रपटांतील चांगल्यांनी प्रेक्षकाला कागदी मंत्रावर विश्वास ठेवावयास सांगितलेले नाही. हसत हसतच ते मंत्र दाखवतात. ते विश्वास ठेवावयास सांगतात ते या गोष्टीवर की, मेलेल्या माणसाचे देणे असते आणि ते चुकवण्यात केलेली लबाडी परत येते. ही गोष्ट भुतांवर विश्वास न ठेवणाऱ्यालाही पटण्यासारखी आहे. बिघाड झाला तो पुढे. यशामागून अनुकरणे आली. उड्या मारणारी प्रेते तैवान आणि जपानपर्यंत पोचली आणि लहान मुलांचा खेळ झाली. कर्तव्याचा भाग गळाला, टोपी आणि उडी तेवढी उरली, आणि काही वर्षांतच लोक कंटाळले.

परंतु मूळ प्रश्न संपला नव्हता. २०१३ साली जुनो माक या तरुण दिग्दर्शकाने 'रिगर मॉर्टिस' काढला. त्यात 'मिस्टर व्हँपायर' मधला एक शिष्य, चिन सिउ-हो, उतारवयातील विसरला गेलेला नट म्हणून येतो. चाळीसारख्या उंच इमारतीत तो राहावयास जातो. तेथे एकेकाळी प्रेते आवरणारा पुरोहित आता खाण्याचे दुकान चालवतो, कारण प्रेते उरलेली नाहीत. त्याच इमारतीत एका वृद्धेचा नवरा मरतो. ती कोणालाही कळवीत नाही. त्याला ती जाऊ देऊ शकत नाही, म्हणून काळ्या विद्येने त्याला उठवू पाहते. येथे लोभ नाही, सूड नाही. केवळ प्रेम आहे. आणि तरीही परिणाम तोच होतो. बापाचे दहन नाकारणारा १९८५ चा धनिक आणि नवऱ्याला कवटाळून बसणारी ही बाई एकाच चुकीच्या दोन टोकांवर उभी आहेत: दोघांनाही निरोप देता आला नाही.

आज हाँगकाँग असो की आपले शहर, मरण घरातून दवाखान्यात गेले आहे, विधी तासाभरावर आले आहेत, आणि परगावची माणसे अंत्यदर्शनाला वेळेवर पोचतीलच असे नाही. जुने विधी जसेच्या तसे ठेवावेत, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यांच्याकडे जे काम होते, ते कोणी तरी करावयास हवे. युआन मेईच्या विद्वानाने मित्राला तीन कामे सांगितली: घरच्यांची काळजी, अपुरे राहिलेले काम आणि लेखण्यांचे पैसे. एवढे ज्याचे झाले तो समाधानाने गेला. हाँगकाँगच्या त्या पिवळ्या कफनीतल्या गुरूने कितीही उंच उड्या मारल्या, तरी अखेर त्याचे सांगणे इतकेच असते की, आपल्या माणसाचा हिशेब वेळेवर पुरा करावा आणि मग त्याला जाऊ द्यावे.